कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि मेंदूतील रक्तस्राव : एका वैद्यकीय शंकेचा इतिहास

रक्तातील कोलेस्टेरॉल उतरविणारी औषधे घेतल्याने मेंदूत रक्तस्राव होण्याचा संभव वाढतो काय, हा प्रश्न गेली काही दशके वैद्यकशास्त्रात पुनःपुन्हा उपस्थित होत आला आहे. वरवर पाहता हा प्रश्न औषधशास्त्राचा असून त्याचे उत्तर चाचण्यांच्या आकड्यांतून मिळावयाचे आहे. परंतु ते आकडे कोणत्या लोकसमूहातून गोळा झाले, त्या लोकांचे अन्न काय होते, त्यांचा रक्तदाब किती होता, या गोष्टी ध्यानात घेतल्यावाचून त्या आकड्यांचा अर्थ लागत नाही. म्हणूनच हा विषय इतिहासाच्या अभ्यासकाच्याही कक्षेत येतो. प्रस्तुत लेखात या शंकेचा उगम कोठे झाला, तिची परीक्षा कशी झाली आणि महाराष्ट्रापुरता तिचा अर्थ काय, एवढ्याच गोष्टींचा विचार करावयाचा आहे. या इतिहासात मुंबई शहराचाही एक महत्त्वाचा वाटा आहे. तो सहसा या संदर्भात सांगितला जात नाही, म्हणून त्याकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते.

आरंभी परिभाषेसंबंधी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. लोकभाषेत ज्याला आपण लकवा किंवा अर्धांगवायू म्हणतो, त्यास येथे पक्षाघात हा शब्द योजला आहे. पक्षाघाताचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात रक्तवाहिनीत गुठळी अडकून मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो; दुसऱ्यात रक्तवाहिनी फुटून रक्त मेंदूत पसरते. बाहेरून दिसणारी लक्षणे पुष्कळदा सारखीच असतात. १९७१ साली इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छायाचित्र घेतले. तोपर्यंत जिवंत रुग्णात या दोन प्रकारांतील भेद खात्रीने सांगणे अवघड होते. त्यापूर्वीच्या मृत्युनोंदी वाचताना ही मर्यादा विसरून चालत नाही.

१. शंकेचा उगम

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात अमेरिकेत हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंनी वैद्यकीय जगाचे लक्ष वेधून घेतले होते. १९४८ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम गावी दीर्घकालीन पाहणी सुरू झाली, आणि १९५८ पासून अँसेल कीज यांनी सात देशांतील लोकसमूहांचा तौलनिक अभ्यास हाती घेतला. या सात देशांत जपान हा एक होता. जपानी खेडुतांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल कमी आणि त्यांच्यातील हृदयविकारही कमी, असा निष्कर्ष निघाला. जपानी आहाराची जी कीर्ती पुढे जगभर पसरली, तिचे मूळ येथे आहे.

तथापि त्याच जपानात १९५१ ते १९८० या काळात पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते, आणि त्यातही मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमाण मोठे होते. होन्शू बेटाच्या ईशान्येकडील अकिता प्रांत तर याविषयी कुप्रसिद्धच होता. भाताची शेती, लांबलचक हिवाळा, बर्फाने वेढलेली गावे, आणि त्या दिवसांसाठी मिठात मुरवून ठेवलेल्या भाज्या व मासे, असे तेथील जीवन. दिवसाला वीस ग्रॅमांहून अधिक मीठ तेथील माणसांच्या पोटात जात असे. मांस, दूध व स्निग्ध पदार्थ अगदी बेताचे. परिणामी रक्तदाब उंच आणि कोलेस्टेरॉल खाली, असा संयोग या शेतकऱ्यांत सर्रास आढळे.

अकितातील शेतकरी गावांची आठ वर्षे पाहणी करून उएशिमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. रक्तस्रावाचा संबंध उच्च रक्तदाबाशी तर होताच, पण कोलेस्टेरॉल कमी असण्याशीही तो दिसून आला. त्याच सुमारास हवाई बेटांवर स्थायिक झालेल्या जपानी पुरुषांच्या पाहणीतही असाच उलटा संबंध आढळला. याची उपपत्ती अशी मांडण्यात आली की, मेंदूच्या खोल भागात शिरणाऱ्या बारीक धमन्यांच्या भिंती उच्च दाबाखाली झिजत जातात. त्या भिंतींच्या पेशींना आपली आवरणे धड राखण्यासाठी कोलेस्टेरॉल लागते. आहारात प्रथिने व स्निग्धांश अपुरे असले की, ही डागडुजी नीट होत नाही आणि भिंत अखेर फुटते. ही उपपत्ती अद्याप निर्विवाद सिद्ध झाली आहे असे म्हणता येत नाही. परंतु निरीक्षणाशी ती विसंगत नव्हती.

हा प्रकार जपान्यांपुरताच असेल, असे समजण्यास काही काळ जागा होती. १९८९ साली तीही उरली नाही. हृदयविकारविषयक एका मोठ्या चाचणीसाठी अमेरिकेत ३५ ते ५७ वयाच्या ३,५०,९७७ पुरुषांची तपासणी झाली होती; त्यांच्या पुढील सहा वर्षांतील मृत्यूंचा अभ्यास इसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. ज्यांचे कोलेस्टेरॉल १६० मिलिग्रॅमपेक्षा कमी होते, त्यांच्यात कवटीच्या आतील रक्तस्रावाने होणारा मृत्यू इतरांच्या तिपटीने अधिक आढळला. मात्र या निष्कर्षाला एक अट जोडलेली होती. हा संबंध ज्यांचा खालचा रक्तदाब ९० किंवा त्याहून अधिक होता, त्यांच्यापुरताच मर्यादित होता. ज्यांचा दाब प्रकृत होता, त्यांच्यात तो दिसला नाही. शिवाय कोलेस्टेरॉल वाढण्याने होणारे हृदयविकाराचे व गुठळीच्या पक्षाघाताचे मृत्यू इतके अधिक होते की, त्यांच्यापुढे रक्तस्रावाचा आकडा लहानच ठरे.

पुढील वादविवादात या निष्कर्षाचा पहिला भाग वारंवार उद्धृत झाला. अटीचा उल्लेख मात्र पुष्कळदा गळून पडला. लेखकाच्या मते या सर्व इतिहासातील मर्माची जागा हीच आहे. ती समजण्यासाठी रक्तदाबाच्या उपचाराचा इतिहास थोडक्यात पाहिला पाहिजे, आणि त्यासाठी आपणांस १९४९ सालच्या मुंबईकडे वळावे लागते.

२. मुंबईतील सर्पगंधा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उच्च रक्तदाबावर परिणामकारक असे औषध जवळजवळ नव्हते. किंबहुना वाढलेला दाब हा शरीराने आपल्या गरजेसाठी केलेली योजना होय, तो उतरविणे घातक ठरेल, असे मानणारे वैद्यही पुष्कळ होते. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने निवर्तले, त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० इतका मोजला गेला होता. जगातील सर्वांत सामर्थ्यवान राष्ट्राच्या प्रमुखासही वैद्यकशास्त्र त्या काळी याहून अधिक काही देऊ शकत नव्हते.

भारतात मात्र सर्पगंधेची मुळी उन्माद, निद्रानाश व सर्पदंश यांवर परंपरेने वापरात होती. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाबावरील परिणाम नमूद केला. त्याच वर्षी सलिमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी तिच्यातील द्रव्ये वेगळी काढली. परंतु या वनस्पतीकडे जगाचे लक्ष वेधले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या निबंधामुळे. के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित असलेल्या या हृदयरोगतज्ज्ञाने उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेचा प्रयोग करून त्याचा वृत्तांत १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले. १९५७ साली वकील यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिकाने गौरविण्यात आले.

याचे पुढील पर्यवसान आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. रक्तदाब उतरविल्याने रुग्णाचे खरोखर हित होते काय, याचा निर्णायक पुरावा १९६७ साली अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून पुढे आला. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांचे दोन गट पाडून एकास औषधे व दुसऱ्यास निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. निष्क्रिय गोळ्यांच्या गटात गंभीर उपद्रव २७ झाले, औषधांच्या गटात अवघे २. वापरलेल्या तीन औषधांत एक रेसर्पिन होते. मनाची खिन्नता आणण्याच्या दोषामुळे रेसर्पिन पुढे मागे पडले. परंतु रक्तदाब उतरविता येतो आणि तो उतरविला म्हणजे माणसे वाचतात, हे ज्या पुराव्याने सिद्ध झाले त्यात मुंबईतील त्या प्रयोगाचा अंश आहे. पुढे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, ६,१०५ रुग्णांवरील प्रोग्रेस नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पूर्वी पक्षाघात झालेल्यांचा दाब उतरविल्यावर मेंदूतील रक्तस्राव जवळजवळ निम्म्यावर आला.

३. बुरशीतून निघालेले औषध

आता कोलेस्टेरॉलवरील औषधाकडे येऊ. योगायोग असा की, या औषधाचा आद्य शोधक अकिरा एन्डो हा १९३३ साली त्याच अकिता प्रांतात एका शेतकरी कुटुंबात जन्मला. ज्या भूमीत कोलेस्टेरॉल कमी असण्याची भीती पुढे उत्पन्न झाली, त्याच भूमीतील माणसाने ते कमी करण्याचा मार्ग दाखविला. फ्लेमिंगच्या पेनिसिलिनच्या शोधाचे संस्कार त्याच्यावर लहानपणापासून होते. अमेरिकेतील वास्तव्यात तेथील हृदयविकाराचे प्रमाण पाहिल्यावर सांक्यो कंपनीत त्याने सुमारे ६,००० बुरशींची छाननी केली आणि १९७३ साली एका पेनिसिलियम बुरशीत कॉम्पॅक्टिन हे द्रव्य त्यास सापडले. यकृतात कोलेस्टेरॉल घडविणाऱ्या विकराला हे द्रव्य अडविते. मग यकृत आपली गरज भागविण्यासाठी रक्तातून अधिक कोलेस्टेरॉल ओढून घेते. या दुसऱ्या पायरीचे रहस्य उलगडणारे ब्राउन व गोल्डस्टाइन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कॉम्पॅक्टिन स्वतः बाजारात आले नाही. त्याच जातीचे लोव्हास्टॅटिन १९८७ साली अमेरिकेत मान्य झाले. स्टॅटिन या नावाने हा औषधवर्ग आज सर्वांस परिचित आहे. एन्डो यांचे निधन २०२४ साली झाले.

या औषधाचे स्वागत निःशंक मनाने झाले नाही, आणि त्यास सबळ कारण होते. क्लोफायब्रेट या पूर्वीच्या औषधाच्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या आश्रयाने झालेल्या चाचणीत कोलेस्टेरॉल उतरले, पण एकंदर मृत्यू वाढले, असे १९७८ साली उघड झाले होते. त्यात अकिता आणि हवाई येथील वृत्तांतांची भर पडली. तेव्हा १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीत सिमव्हास्टॅटिनने एकंदर मृत्यू ३० टक्क्यांनी घटल्याचे दिसले, तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. २००२ साली ब्रिटनमधील २०,५३६ व्यक्तींच्या चाचणीचे निष्कर्ष आले. पक्षाघात एकचतुर्थांशाने घटला होता. रक्तस्राव औषधाच्या गटात ५१ व दुसऱ्या गटात ५३, म्हणजे सारखेच. शंका मिटली असे वाटू लागले. मात्र याच चाचणीतील ज्यांना पूर्वी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार झाला होता, अशा ३,२८० व्यक्तींत रक्तस्राव अनुक्रमे २१ व ११ झाले होते. आकडे लहान होते, पण दुर्लक्ष करण्याजोगे नव्हते.

४. शंकेची परीक्षा

नेमक्या याच प्रकारच्या रुग्णांसाठी योजलेली स्पार्कल ही चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. नुकताच पक्षाघात किंवा त्याची पूर्वसूचना देणारा तात्पुरता झटका येऊन गेलेल्या ४,७३१ रुग्णांपैकी निम्म्यांना अटॉर्व्हास्टॅटिनची ८० मिलिग्रॅमची मोठी मात्रा दररोज देण्यात आली. सुमारे पाच वर्षांत औषधाच्या गटात २६५ व दुसऱ्या गटात ३११ पक्षाघात झाले. एकंदर लाभ स्पष्ट होता. परंतु प्रकारवार पाहता गुठळीचे पक्षाघात २१८ विरुद्ध २७४, तर रक्तस्राव ५५ विरुद्ध ३३ असे होते.

हे आकडे वाचण्याच्या दोन रीती आहेत. ‘रक्तस्राव दोन-तृतीयांशाने वाढले’ असे म्हटले की, वाचक दचकतो, आणि विधान खोटेही नाही. परंतु हजार रुग्णांचा हिशेब मांडला तर पाच वर्षांत गुठळीचे पक्षाघात सुमारे २४ ने कमी होतात आणि रक्तस्राव सुमारे ९ ने वाढतात. दोन्ही वाक्ये एकाच कोष्टकातून निघालेली आहेत. औषधाचा प्रचार करणारा व औषधाची भीती घालणारा असे दोघेही या कोष्टकातून आपल्या सोयीची ओळ उचलतात. अभ्यासकाने दोन्ही ओळी एकत्र वाचल्या पाहिजेत.

दोन वर्षांनी, २००८ साली, याच चाचणीच्या सामग्रीची पुन्हा छाननी झाली. रक्तस्राव कोणास झाला, हा प्रश्न होता. वाढते वय, पुरुष असणे, आणि चाचणीत प्रवेश करतानाच पूर्वीचा पक्षाघात रक्तस्रावाचा असणे, या गोष्टींनी धोका वाढल्याचे आढळले. सर्वांत ठळक गोष्ट अशी की, घटनेपूर्वीच्या अखेरच्या भेटीत ज्यांचा रक्तदाब १६० वर १०० किंवा त्याहून अधिक भरला होता, त्यांचा धोका सुमारे सहापट होता. औषध घेणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल किती खाली गेले, याच्याशी मात्र रक्तस्रावाचा संबंध दिसला नाही. १९८९ सालच्या निष्कर्षाला जोडलेली अट येथे निराळ्या वाटेने पुन्हा समोर आली.

या छाननीची मर्यादाही सांगितली पाहिजे. पूर्वी रक्तस्राव झालेले रुग्ण चाचणीत केवळ ९३ होते. त्यांच्याविषयी ठाम विधान करण्यास ही संख्या अपुरी आहे. २०१२ साली ३१ चाचण्यांतील १,८२,८०३ व्यक्तींची सामग्री एकत्र करून पाहिली असता रक्तस्रावात अर्थपूर्ण वाढ आढळली नाही. त्यापूर्वी, २०११ साली, दुसऱ्या एका अभ्यासगटाने असा इशारा दिला होता की, ज्यांना मेंदूच्या पृष्ठभागालगतच्या भागात रक्तस्राव होऊन गेला आहे, त्यांना स्टॅटिन न देणे श्रेयस्कर; कारण वृद्धापकाळी तेथील वाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड द्रव्य साचलेले असते व रक्तस्राव पुन्हा होण्याचा संभव मोठा असतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, २,८६० रुग्णांच्या चाचणीत वाईट कोलेस्टेरॉल ७० च्या खाली ठेवलेल्या गटात हृदय व मेंदूच्या मुख्य घटना ८.५ टक्के, तर ९० ते ११० च्या दरम्यान ठेवलेल्या गटात १०.९ टक्के झाल्या. रक्तस्राव अनुक्रमे १८ व १३ होते, आणि हा फरक योगायोगाच्या कक्षेतला ठरला.

एकंदरीत पाहता असे म्हणावयास हरकत नाही की, ज्यास मेंदूत रक्तस्राव झालेला नाही व ज्याचा रक्तदाब ताब्यात आहे, त्याच्या बाबतीत ही शंका फारशी उरत नाही. ज्यास तो होऊन गेला आहे, त्याच्या बाबतीत निर्णय वैद्याने एकेका रुग्णाचा विचार करूनच घ्यावा लागतो. आपल्या मनाने औषध सोडून देणे या दोहोंपैकी कोणासही हितावह नाही.

५. महाराष्ट्राचा संदर्भ

वरील चाचण्या बहुतांशी पाश्चात्त्य देशांत झालेल्या आहेत. त्या समाजांत रक्तस्रावाचे प्रमाण एकूण पक्षाघातांच्या साधारण दहा ते पंधरा टक्के असते, आणि रक्तदाब मोजून घेण्याची सोय बहुतेकांच्या हाताशी असते. आपल्याकडील स्थिती काय आहे?

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील एच प्रभागात २००५ व २००६ या वर्षांत डॉ. प्रफुल्ल दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १,५६,८६१ लोकसंख्येची पाहणी केली. याच दलाल यांनी १९६८ साली पश्चिम-मध्य भारतातील मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारांवर ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निबंध लिहिला होता. म्हणजे सीटी स्कॅनपूर्व काळापासून एका संशोधकाने हा विषय चार दशके धरून ठेवला होता. या पाहणीत प्रथमच पक्षाघात झालेले ४५६ रुग्ण सापडले. त्यांपैकी ३६६ गुठळीचे व ८१, म्हणजे १७.७ टक्के, रक्तस्रावाचे होते. चार-पंचमांशांहून अधिक रुग्णांत उच्च रक्तदाब आढळला. २८ दिवसांच्या आत २९.८ टक्के रुग्ण दगावले.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेच्या वतीने डॉ. योगेश काळकोंडे व सहकाऱ्यांनी २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ खेड्यांतील मृत्यूंची कारणे शोधली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताने झालेले होते. मृत्यूच्या सर्व कारणांत पक्षाघात पहिला ठरला. आणि यांतील ८७.३ टक्के माणसे घरीच मरण पावली. अर्थात त्यांचा पक्षाघात गुठळीचा होता की रक्तस्रावाचा, हे सांगणारे छायाचित्र बहुतेकांच्या बाबतीत कधी घेतलेच गेले नाही.

या दोन पाहण्या शेजारी ठेवल्या म्हणजे आपल्या प्रश्नाचे स्वरूप बदलते. एच प्रभागातील रुग्णास स्टॅटिन द्यावे की नाही, दिले तर किती, हा प्रश्न स्पार्कलच्या कोष्टकावरून सोडविता येतो. गडचिरोलीतील माणसाच्या बाबतीत तो प्रश्न उपस्थितच होत नाही. तेथे आधीचा प्रश्न रक्तदाब कोणी मोजला होता काय, हा आहे. आणि १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने वसविलेल्या नवी मुंबईसारख्या शहरात हे दोन्ही प्रश्न एकाच दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलेले असतात. कोलेस्टेरॉलचा अहवाल खिशात घेऊन आलेला नोकरदार एका बाजूला. दुसऱ्या बाजूला कोकणातून, देशावरून वा विदर्भातून बांधकामावर आलेला, ज्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा कधी बांधलाच गेला नाही असा मजूर. दोघांना एकाच सूत्राने उत्तर देणे बरोबर होणार नाही.

जपानचा पुढील अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. अकितासह त्या देशात गावोगाव रक्तदाबाची तपासणी सुरू झाली, मीठ कमी करण्याची मोहीम निघाली, औषधोपचार पोचला. १९६० नंतरच्या तीन दशकांत पक्षाघाताचे मृत्यू कमालीचे घटले. याच काळात लोकांच्या आहारात दूध व मांस वाढले आणि कोलेस्टेरॉलही वाढले. तेव्हा रक्तस्राव घटण्याचे श्रेय कोणत्या बदलास किती द्यावे, याविषयी मतभेद आहेत. परंतु रक्तदाबाच्या वाट्याला त्यातील मोठा भाग येतो, याविषयी फारसा वाद नाही.

आपल्याकडे हे काम ज्या साधनांनी व्हावयाचे, ती साधी व स्वस्त आहेत, आणि त्यांतील एका औषधाचा पहिला विश्वसनीय वृत्तांत मुंबईतूनच जगापुढे गेला होता. इतिहासाच्या विद्यार्थ्यासही येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील जुनी मृत्युपुस्तके, रुग्णालयांची दप्तरे व शवविच्छेदनांच्या नोंदी यांतून गेल्या शतकातील पक्षाघाताचा माग काढता येईल. या नोंदींत बहुधा ‘अर्धांगवायू’ किंवा ‘लकवा’ एवढाच शब्द आढळेल. त्याच्या मागे गुठळी होती की फुटलेली वाहिनी, हे तो शब्द सांगणार नाही. त्या माणसाचे वय, धंदा, गाव आणि मृत्यूचा महिना मात्र शेजारच्या रकान्यांत लिहिलेले असतील. तेथूनच आरंभ करता येईल.